गप्प बसवलेली झडप

मित्रांनो, मला पाहायला मुद्दाम कुणी येत नाही. जे येतात ते माझ्यावर उभे राहून खाडीतले मासे पाहतात. तेव्हा ओळख मलाच करून द्यावी लागते. मी पनवेलच्या खाडीकाठची एक जुनी, लाकडी झडप आहे.

खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावकरी मातीचा लांबच लांब बांध घालतात. पण शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला एक वाट लागते. त्या वाटेला म्हणतात उघाडी. तिच्या तोंडावर मी वरच्या कडेनं टांगलेली होते. ओहोटी लागली की शेतातलं पाणी मला ढकलून बाहेर जायचं. भरती आली की खाडी मला दाबून बंद करायची. माणसांनी काही करायचं नसे. म्हणूनच बहुधा ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली.

गणू सुतारानं मला ऐनाच्या लाकडाच्या फळ्यांतून घडवलं, डांबर पाजलं आणि देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे चौकटीत टांगलं. भरती-ओहोटी एकमेकींना वाट देतात त्या घटकेला पाणी इकडून थोडं, तिकडून थोडं रेटतं आणि झडप चौकटीवर आपटते. धड, धड, धड. माझा पहिला आवाज ऐकून गणू म्हणाला, "वाजते बरी," आणि घरी निघून गेला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढचं कौतुक दरवर्षी नारळी पौर्णिमेला होई. गावकरी माझ्यासमोर नारळ फोडत. पाणी मला मिळे, खोबरं त्यांना.

उघाडीचा पहिला राखणदार विठू. अडकलेला पालापाचोळा काढायचा, खेकड्यांनी पोखरलेला बांध लिंपायचा, हे त्याचं काम. एका उन्हाळ्यात मातीची पाटी डोक्यावर घेऊन तो बांधावरून येत होता. माझ्याजवळ थांबला. पाटी खाली ठेवली, हात छातीवर ठेवला आणि जरा टेकावं तसा बसला. तो उठलाच नाही. ओहोटी संपत आली होती. मी तेव्हाही वाजत होते, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

राखणदारी धाकट्या भावाकडे आली, काशिरामकडे. फावडं आलं, पाटी आली आणि सोबत भीतीही आली.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तो माझ्यातलं शेवाळ खरवडत होता. हात थांबला. टोपलीत टाकलेला जिवंत मासा तडफडतो तसं त्याच्या छातीत काहीतरी तडफडू लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास वरच्या वर अडकला, कपाळावर घाम फुटला. जिथे विठू टेकला होता नेमका तिथेच तो बसला, आणि आपण कुठे बसलोय हे लक्षात आल्यावर ओरडून उठला. थोड्या वेळानं सगळं शांत झालं. पण भीती घरी गेली नाही. पुन्हा कधी येईल, या काळजीनं ती रोज यायला लागली.

धडधड सुरू झाली की तो मनगट धरी. मनगट धरलं की ठोका चुकल्यासारखा वाटे. ठोका चुकल्यासारखा वाटला की धडधड वाढे. भरती-ओहोटीला निदान मध्ये विसावा असतो. याला तोही नव्हता.

शेजारच्या खाचराचा मालक होता धर्मराज. नाव धर्मराज, म्हणजे यमाचंच, आणि बातम्याही त्याच खात्यातल्या आणायचा. आपटा गावी कोण जेवता जेवता गेला, उरणला कोण होडीत बसल्या बसल्या आडवा झाला, सगळं त्याला ठाऊक. बांधावर बसून, विडी पेटवून तो मायेनं चौकशी करी.

"काशिराम, आज तोंड पांढरा दिसतंय तुजा. विठूचा पन आसाच दिसत होता."

"नाय रं, मी बरा हाय."

"विठू पन आसाच बोलायचा."

एवढं बोलून धर्मराज घरी जाऊन गाढ झोपत असे. काशिराम मात्र जागा राही. हळूहळू त्यानं एकेक गोष्ट सोडली. बांधावर चढताना छाती धडधडते म्हणून चढणं सोडलं, तो लांबच्या वाटेनं येऊ लागला. तिखटानं धडधडते म्हणून बोंबलाचं कालवण सोडलं. हसताना धडधडते म्हणून हसणं सोडलं. बायकोनं, हौसानं, जायफळ उगाळून दिलं. भगतानं अंगारा दिला. धडधडीनं दोन्ही मान्य केलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

शेवटी हौसानं त्याला बैलगाडीत घालून पनवेलला डॉक्टरकडे नेलं. परतल्यावर दोघं माझ्या माथ्यावर बसून बोलली, म्हणून मला हे कळलं. माणसं बांधावर जे बोलतात ते देवळातसुद्धा बोलत नाहीत.

"डाक्टरनी येवडा वेळ नळी लावून आयकला," हौसा म्हणाली. "काळीज ठणठणीत हाय बोलला. बैलासारखा."

"बैल काय मरत नाय?"

"भ्यायल्यानं धडधडतंय, बोलला. तुमचा काळीज भीत नाय, तुमी भिताव."

"आनि त्यानी दुसरा काय सांगितला त्ये? आपल्या उघाडीसारखी दारा छातीत पन आसतात. उघडतात, मिटतात, त्यांचा आवाज येतो."

"मंग? चांगला हाय ना."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं. पण उघाडीच्या राखणदाराला ते सांगायला नको होतं. उघाडीचं दार कसं कुजतं, कसं अडकतं, कसं निखळतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्या दिवसापासून मी वाजले की त्याची छाती वाजू लागली. मी जरा थांबले की तो गळ्यापाशी बोटं दाबून स्वतःला चाचपू लागला. माझ्या आवाजाला तो विठूच्या मरणाइतकाच घाबरू लागला.

मित्रांनो, आता जे त्यानं केलं ते गावात कुणी केलं नव्हतं.

भादव्याचे दिवस होते. पावसानं उघडीप दिली होती, भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायची तेवढी बाकी होती. ओहोटीच्या वेळी काशिराम चिखलात उतरला. त्यानं माझ्या दोन्ही बाजूंच्या खुंटांना काथ्याची जाड दोरी बांधली, माझ्या पोटावरून आडवे वेढे दिले आणि गाठ आवळली. भरतीनंतर पाणी फिरलं. मी हलायला गेले, हलता येईना. आवाज नाही. काशिराम बांधावर कान देऊन बसला होता. त्यानं मोठा निःश्वास सोडला. त्या दुपारी तो बांधावरच झोपला, लहान मुलासारखा.

खोटं कशाला बोलू, त्याची झोप पाहून मलाही बरं वाटलं. पण दुसरा दिवस, तिसरा दिवस, तो दोरी सोडेना. उद्या सोडू म्हणे. आणि मग आभाळ भरून आलं.

रात्रभर पाऊस कोसळला. शेतांचं सगळं पाणी माझ्या पाठीशी येऊन उभं राहिलं. ओहोटी लागली, समोरची खाडी ओसरली, माझ्यासमोर नुसता चिखल उरला. आणि मागे पाणी चढतच होतं. काथ्या भिजला की गाठ आणखी आवळते. माझ्या फळ्या करकरू लागल्या. मी कितीदा भरती पाहिली होती, खाडीला कधी भ्याले नव्हते. त्या सकाळी मी आतल्या पाण्याला भ्याले. बांध फुटला की ओहोटीला पाणी जाईल हे खरं. पण पुढच्या भरतीला त्याच खिंडारातून खाडी आत येईल. मग भात गेलं, आणि माती खारावली की पुढची काही वर्षंही गेली.

दूरच्या टोकाला बांध पाझरू लागला. गावातली सगळी माणसं फावडी घेऊन तिकडे धावली. माझ्याकडे आधी आली ती हौसा. तिनं समोरचा नुसता चिखल पाहिला, मागचं पाणी पाहिलं, मग दोरी पाहिली.

"आवो! ही दोरी कोनी बांधली?"

मागून येणारा काशिराम जागच्या जागी उभा राहिला. "मी. आवाज सोसवत नव्हता."

हौसानं कमरेचा कोयता काढला, पदर खोचला आणि उतरायला लागली. धर्मराज छत्री धरून तिथे पोचलाच होता.

"काशिराम, तू उतरू नको हां! झडप सुटली तर पानी छाताडावर बसल. विठूची आठवन ठेव!"

"धर्माभावजी," हौसा मागे न बघता म्हणाली, "तुमी छत्री मिटा नायतर तोंड मिटा."

काशिरामनं तिच्या हातातला कोयता घेतला. "हौसा, माजा काळीज बंद पडला तर?"

"आता वाजतंय ना?"

"लय वाजतंय."

"मंग वाजतंय तवर चला."

तिनं बैलाच्या दाव्याचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या हाताला गुंडाळलं आणि बांधावर पाय रोवून उभी राहिली.

तो उतरला. गुडघाभर चिखल तुडवत माझ्यासमोर आला. गाठ खुंटाच्या मागल्या अंगाला होती; तिथे हात पोचायला त्याला छाती माझ्यावर टेकवावी लागली. एवढ्या वर्षांत मी माणसाचं काळीज इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. ते कुजलेलं नव्हतं, अडकलेलं नव्हतं. घाबरलेलं होतं आणि नेटानं काम करत होतं. मी बोलू शकत असते तर त्याला तेवढंच सांगितलं असतं. पण फळ्या नुसत्या करकरल्या, आणि तो आणखी घाबरला.

त्याची बोटं बधिर झाली. कोयता दोरीवर नुसता घासत राहिला. श्वास तुटू लागला. त्यानं डोळे मिटले आणि तो किंचाळला, "हौसा, मी चाललो गो!"

"कुटं चाललाव?" वरून आवाज आला. "दावा माज्या हातात हाय!"

तो थांबला. धडधड थांबली नाही. तशा धडधडत्या छातीनंच त्यानं कोयता उचलला आणि घाव घातला. एक. पुन्हा. दोरी तुटली.

मी सुटले. सगळ्या शेतांचं पाणी मला उडवून बाहेर पडलं आणि काशिराम दिसेनासा झाला. दावं ताणलं गेलं. हौसा बांधावरून ओढली जाता जाता खाली बसली, टाचा मातीत रुतल्या, पण हात सुटला नाही. धर्मराजनं छत्री टाकली आणि तिच्या मागून दावं धरलं. त्याच्या हातून घडलेलं बहुधा ते पहिलंच जिवंत माणसाच्या उपयोगाचं काम.

चिखलानं माखलेला काशिराम बांधाच्या उतारावर उताणा पडला. हात छातीवर ठेवून तो मरणाची वाट पाहू लागला. पाऊस तोंडावर पडत होता. धडधड जोरात होती, मग जरा कमी, मग त्याहून कमी. ती उतरवायला कुणी काही केलं नाही. मरण आलं नाही.

"उटा," हौसा म्हणाली. तिच्या हातातून रक्त येत होतं. "भरती येल."

मित्रांनो, काशिराम त्या दिवशी बरा झाला, असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल. तो झाला नाही. धडधड पुढेही येत राहिली. एवढंच, की तो पळेनासा झाला. माझ्याजवळ बसून राही, आणि ती ओसरेपर्यंत माझा आवाज ऐके. धर्मराज येऊन विचारी, "आज कसा वाटतंय?" तो म्हणे, "भ्याव वाटतंय. बस, विडी काड."

पुढे उघाडीला लोखंडी झडप आली. मला काढून बांधाच्या कडेच्या ओघळीवर फळी म्हणून टाकलं. गुरं जातात, शेळ्या जातात. डांबर कुणी लावत नाही, आणि नारळ नव्या झडपेला मिळतो. माझ्या पोटावर त्या दोरीचा वळ अजून आहे.

माझं मागणं थोडं आहे. कधी तुमची छाती अशी वाजू लागली तर डॉक्टरला दाखवा. त्यानं नीट ऐकून ठणठणीत म्हटलं, तर मग तिला दोरी बांधू नका. वाजू द्या. आणि कुणीतरी दावं धरायला जवळ असू द्या. आणि जमलं तर, वर्षातून एकदा मला थोडं डांबर.

परवा काशिराम माझ्यावर बसला होता. केस पांढरे झालेत. बसल्या बसल्या त्याचा चेहरा उतरला, हात मनगटाकडे गेला. मग तो हात मनगट सोडून माझ्या पोटावर आला, आणि दोरीच्या वळावर बोट ठेवून तो तसाच बसून राहिला. खाली नवी झडप वाजत होती. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली आणि घराच्या दिशेनं हाक मारली.

"हौसा! जेवायला काय हाय गो?"

"बोंबील हायत. तिखट झालंय कालवन."

"जास्ती वाड," काशिराम म्हणाला, आणि बांध चढून जवळच्या वाटेनं गेला.