आईच्या दाढेतल्या पिना

आमचे बाबा दातांचे डॉक्टर, आणि दातांच्या डॉक्टरइतका वाईट पेशंट शोधून सापडणार नाही. त्यांची चावायची एकुलती एक दाढ अर्धी तुटली होती. ती गेली तर उरलेलं आयुष्य सगळं कुस्करून खाण्यात जायचं. तरी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत बसून मलाच हुकूम सोडत होते.

"चांगल्या चार पिना बसव आणि वर चांदी भर. दगडासारखी होईल."

"बाबा, पिनेमुळे चांदी दाताला धरून राहते, मजबूत नाही होत. उलट पिनेपाशीच तडा जातो. मी दातात खाचा पाडते, त्यात धरेल ती."

"कुणाला शिकवतेस?"

पिना बसवायला मला त्यांनीच शिकवलेलं. एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. माझं डोकंच फिरलं. मी दातात भरायच्या चांदीचे सारखे ठोकळे केले, निम्म्यांत पिना घातल्या, निम्मे कोरे ठेवले. दुसऱ्या दिवशी ते चांगले घट्ट झाल्यावर बाबांना म्हटलं, घ्या, तुमच्याच हाताने दाबून बघा.

आई सोबत आली होती, पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. बाबांनी एकेक ठोकळा दाबयंत्रात धरून दांडा फिरवला. दर वेळी पिनवाला कोऱ्यापेक्षा कमी दाबात फुटला, तोही बरोबर पिनेच्या कडेने. शेवटचा फुटल्यावर त्यांनी दांडा सोडला आणि आईकडे वळले.

"तुझ्या दाढेत मी सहा घातल्या होत्या. बायकोची दाढ म्हणून जरा जास्तच."

ती उजवीकडची दाढ आमच्या घरात प्रसिद्ध होती. महिन्याभरात फुटली, बाबांनी ती पुन्हा भरली, आईच्या बर्फ चावायच्या सवयीवर खापर फोडलं, आणि तेव्हापासून आईने बर्फाला हात लावला नव्हता.

"केळं खाताना फुटली ती," आई शांतपणे म्हणाली.

"केळं? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"अहो, एवढा जीव ओतून भरली होती तुम्ही. म्हटलं, जाऊ दे बर्फावर."

बाबा चष्मा काढून उगाच पुसत राहिले. मग स्वतःहून खुर्चीत आडवे झाले.

"खाचा पाड," मला म्हणाले. "पिन नको."

त्या दाढेवर मी आजवरचं सगळ्यात जपून काम केलं.

संध्याकाळी घरी बाबांनी फ्रीज उघडला आणि आईच्या ग्लासात बर्फ घातला, चांगला भरपूर. त्यांचा गाल अजून बधिर होता, शब्द धड फुटत नव्हते.

"डावीकडून चाव," ते म्हणाले, "उजवीकडे माझं काम आहे."

आई हसली. मग तिने कडाकडा बर्फ चावला, आणि बाबा शेजारी बसून ऐकत राहिले.