कमळपानांवरचा रबरी बेडूक

मी मासे फसवायचा रबराचा बेडूक बोलतोय. घाबरू नका, मी चावत नाही. निदान माणसांना तरी नाही. पोकळ पोट, पाठीला चिकटलेले दोन गळ आणि मागे झालरीसारखे पाय, एवढंच माझं अंग. कोपरला राहणाऱ्या ऋतुराजने मला ऑनलाइन मागवलं ते बायकोसाठी. रुपालीला लहानपणापासून गळ टाकायचं भारी वेड.

तिचं माहेर बाळकुमचं. तिने आपल्या मनाने ऋतुराजशी लग्न केलं आणि वडील, गोपीनाथ, तिच्याशी बोलेनासे झाले. ती समोर बसलेली असली तरी आईला म्हणायचे, "सखू, तुझ्या पोरीला विचार, जेवून जाणार का?"

एका रविवारी माहेरी आलेली रुपाली मला घेऊन गावामागच्या तळ्यावर गेली. गोपीनाथही मागोमाग आले, म्हणे सहज. मला बघून ते तळ्यालाच म्हणाले, "रबराला मरळ फसते होय?"

मरळ मासळी कमळाच्या पानांखाली सावलीत दबा धरून बसते. साधा गळ तिथे देठांत अडकतो. माझे गळ पाठीशी दडलेले, म्हणून मी पानांवरून सुळकन सरकतो. रुपालीने मला लांब फेकून पानावर टेकवलं, हळूच ओढत दोन पानांमधल्या मोकळ्या पाण्यात उतरवलं आणि थांबवलं.

धप्पकन पाणी उसळलं! रुपालीने घाईने हिसका दिला आणि मी उडालो तो थेट गोपीनाथांच्या टोपीत. मला सोडवताना त्यांच्या मिशीत हसू हललं.

पुन्हा फेकलं. या खेपेला मी मरळीच्या जबड्यातच. रुपाली हात उचलणार तोच मागून आरोळी आली, "थांब गो रुपाली! तोंड मिटू दे तिला... आता वढ!"

तिने ओढलं. मरळ देठांत घुसली. बापलेकींनी मिळून काठी धरली, तरी माझा एक पाय तोडून ती पसार झाली.

"घाई केलीस तू!"

"बाबा, तूच उशिरा ओरडलास!"

दोघं घरापर्यंत भांडत गेली. दारातली सखुबाई ऐकतच राहिली.

आता मी कोपरच्या बाल्कनीत टांगलेला असतो. पोहताना जरा तिरका जातो. काल गोपीनाथांनी रुपालीला स्वतः फोन केला, "रविवारी जावयालाही आण. मरळ मोठी आहे, तिघं लागतील."

एकच विनंती. देठांत अडकलो तर दोरी तोडून मला तळ्यात सोडून येऊ नका. रबर कुजत नाही. आणि या तिघांचं भांडण मला जवळून ऐकायचंय.