तुरुंगाच्या भिंतीशी मौलूद

त्या शरदात इराणातलं आमचं अख्खं सनंदज शहर रस्त्यावर उतरलं होतं. माझी भाची हताव बायकांच्या संघटनेत काम करायची. बाजार बंद होता त्या दिवशी तिला भर चौकातून उचललं. तेव्हापासून तिची आई गुलबाख, म्हणजे माझी वहिनी, रोज कपड्यांचं गाठोडं घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची. आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे: गाठोडं आत घेतलं तर माणूस आत आहे, जिवंत आहे. परत केलं, तर मग अल्लाच जाणे.

गुलबाखचं गाठोडं रोज परत येत होतं.

"या नावाचं इथं कुणी नाही," अधिकारी म्हणायचा.

मला दुसरं काय येतं? मी मौलूद गाते. पैगंबरांच्या जन्माचा महिना चालू होता, आणि या महिन्यात आम्हा कुर्दांच्या घराघरांत ते आख्यान रंगतंच. मी म्हटलं, "वहिनी, यंदा आपला मौलूद तुरुंगाच्या भिंतीशी."

"वेड लागलंय का, हाजर? आपल्यालाही आत टाकतील."

"टाकू देत. आत गाईन. तिथले श्रोते मधेच उठून तरी जात नाहीत."

दुपारी आम्ही पाचसहा बायका भिंतीलगत सतरंजी टाकून बसलो. डफ काढले, खजूर मांडले. अधिकारी धावतच आला.

"ए बायांनो, उठा! इथं निदर्शनं चालायची नाहीत."

"निदर्शनं कसली साहेब? पैगंबरांचा जन्म गातोय. थांबवायचंय? थांबवा. घरी आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तो घुटमळला. शेवटी एक खजूर उचलून बाजूला उभा राहिला.

मी सूर लावला. जन्माच्या ओळीला रिवाजाप्रमाणे सगळ्या उठून उभ्या राहिल्या. गुलबाख भिंतीकडेच कान लावून होती, आणि माझंही अर्धं लक्ष तिकडेच. आख्यानात बाळाला दूध पाजायला हलीमा दाई आली, आणि मी घाबऱ्याघाबऱ्या तिला एकदम तिच्या घरीच पोचवलं.

तोच भिंतीपलीकडून आवाज आला. घसा बसलेला, पण ठसका तोच.

"आत्या! गाढवीण राहिली!"

डफ जागच्या जागी थांबले. हलीमाची मरतुकडी गाढवीण, बाळ पाठीवर येताच वाऱ्यासारखी धावते, ते कडवंच मी गाळलं होतं. भर मौलूदात मला अडवायची हिंमत एकाच पोरीची.

गुलबाख भिंतीला बिलगली. "हताव! माझे बाई! जेवलीस का गं?"

"जेवले आई! आधी तिला गाढवीण घ्यायला सांग!"

पलीकडे कितीतरी बायका खदखदून हसल्या. मग कुणीतरी दरडावलं आणि सगळं शांत झालं.

अधिकाऱ्याच्या तोंडातला खजूर तसाच. "कोण होती ती?"

"तीच साहेब," मी म्हटलं, "जी तुमच्याकडे नाही."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि गुलबाखजवळचं गाठोडं उचललं. चार पावलं जाऊन मागं वळला. "यात लोकरीचं काही आहे ना? आत गारठा आहे."

"आहे, आहे," गुलबाख म्हणाली, आणि सतरंजीवर बसून हमसाहमशी रडली. पोर सुटायची अजून बाकी होती, पण पोर होती. अल्ला, तुझे किती उपकार!

मग मी हलीमाला पुन्हा घराबाहेर काढलं, गाढविणीवर बसवलं, आणि टिपेचा सूर धरून ती गाढवीण अशी दामटली की भिंतीपलीकडंही टाळ्यांचा ठेका सुरू झाला.