नळीत अडकलेली गोळी

विठाबाईंच्या नावावर बंदुकीचा परवाना आहे असं कुणी सांगितलं की परगावचा माणूस आधी हसायचा, आणि मग अंगणातल्या त्या किडकिडीत, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईकडं बघून गप्प व्हायचा.

बंदूक ठासणीची होती. तोंडाकडून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वरून गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. निजामाच्या राज्यात आजेसासऱ्यांनी कुठूनशी आणलेली. गावातल्या इतर ठासणीच्या बंदुकांची नळी आतून सपाट असायची, हिच्या नळीत मात्र मळसूत्रासारखे आटे होते. त्या आट्यांमुळं गोळी सरळ जायची आणि त्यांच्यामुळंच तिची साफसफाई जिवावर यायची. दारू जळाली की काजळी नेमकी त्या आट्यांत जाऊन बसायची.

नवरा, शिवपुत्र, हयात असताना बार तो काढायचा आणि काजळी विठाबाई काढायच्या. कढत पाणी, मग चिंध्या, मग करडईच्या तेलाचा हात. तो गेल्यावर धाकटे दीर बलभीम म्हणाले, "वैनी, ठाण्यात जमा करून टाका ती. बाईमाणसाला कशाला हा जाच?" विठाबाईंनी जमा केली नाही. धाराशिवला खेटे घातले आणि परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. माकणीच्या धरणाचं पाणी त्यांच्या रानाच्या बांधापर्यंत यायचं, काठाला वेड्या बाभळी माजलेल्या, आणि त्या बाभळीत रानडुकरं. नुसत्या दारूचा बार काढला तरी कळप पळायचा. तेवढं विठाबाई शिकल्या.

यंदा ज्वारी हुरड्यात आली तेव्हा मात्र नुसत्या बारानं भागेना. एक मोठा, एका सुळ्याचा डुक्कर माणसाच्या अंगावर यायला लागला. शेजारच्या सोमेशची मांडी त्यानं अशी फाडली की पोराला सोलापूरला न्यावं लागलं. मग वनखात्यानं त्या एका डुकरापुरती परवानगी दिली, धरणाकाठी जाळं लावलं आणि गुरुप्रसाद नावाचा तरणा वनरक्षक गावात येऊन राहिला. गावात धड चालणारी बंदूक एकच, विठाबाईंची.

त्या दिवशी सकाळी डुक्कर बलभीमच्या उसात शिरल्याची बातमी आली. उसाच्या तीन बाजूंनी माणसं डबे घेऊन उभी राहिली. चौथी बाजू मोकळी ठेवली, तिथं बांधावर विठाबाई. डावीकडं हाताशी गुरुप्रसाद, उजवीकडं बलभीम. डुक्कर बाहेर निघेना म्हणून विठाबाईंनी आधी नुसत्या दारूचे तीन-चार बार काढले. आवाजानं धरणावरचे बगळे उठले, डुक्कर काही उठला नाही. हवा कोरडी, थंडीनं बोटं आखडलेली. मधे नळी पुसायला उसंत नव्हती.

एवढ्यात पलीकडून ओरडा झाला, "हलला! हलला! तिकडंच यायलाय!"

"वैनी, गोळी भरा! गोळी!" बलभीम नाचायलाच लागले.

विठाबाईंनी दारू ओतली, गोळी ठेवली, गज घातला. गोळी नेहमीपेक्षा जड चालली. त्यांनी दोन्ही हातांनी रेटा दिला. गज थांबला. बसली असेल, म्हणून त्यांनी तो ओढून काढला, टोपी बसवली, घोडा ओढला आणि दस्ता खांद्याला लावला.

ऊस फाकला आणि डुक्कर बाहेर आला. हाकेच्या अंतरावर थांबून त्यानं मान वर केली. असं जनावर असं उभं पुन्हा मिळायचं नाही.

"हाना वैनी!"

बोट चापावर होतं. आणि त्याच क्षणी विठाबाईंच्या डोळ्यांपुढं गज आला. शिवपुत्रानं त्या गजावर कानशीनं एक खाच पाडली होती. गोळी दारूवर नीट टेकली की ती खाच नळीच्या तोंडाशी यायची. मघाशी गज थांबला तेव्हा खाच कुठं होती? तोंडाशी नव्हती. वर होती. चांगली वर होती. का नव्हती? घाईत बघितलं तरी होतं का?

त्यांनी घोडा अंगठ्यानं धरून हळूच खाली सोडला.

डुकरानं मुसंडी मारली, बांध ओलांडला आणि बाभळीत दिसेनासा झाला.

मग डबेवाल्यांतून कुणीतरी म्हणालं, "भ्याली ना बाई." ते विठाबाईंना ऐकू आलं.

"काय झालं वैनी?" बलभीमचा आवाज चढला. "एवढं उभं राहिलं व्हतं!"

"गोळी खाली टेकली न्हाय वाटतं. मधीच अडकलीय."

"मग त्यात काय? बार काढला की निघंल की आपुआप. द्या हिकडं, म्या काढतो." त्यांनी नळीला हात घातला.

विठाबाईंनी दस्ता सोडला नाही. दोघांच्या मधे बंदूक ताणली गेली. मग विठाबाईंनी दुसऱ्या हातानं टोपी उचकटली आणि मूठ आवळली.

"टोपी माझ्या मुठीत हाय, भावजी. न्यायची तर मूठ फोडून न्या."

थोरल्या भावजयीच्या मुठीला कोण हात लावणार? बलभीमनी बंदूक सोडली, पण तोंड फिरवून उभे राहिले. गुरुप्रसाद चाचरत म्हणाला, "मावशी, अडकली असली तर काय होतं?"

"दारू न् गोळीच्या मधी पोकळी राह्यली तर नळी फुटती, असं आमचे मालक म्हणायचे. म्या काय बघितलेलं न्हाय, बाबा."

हे म्हणताना त्यांचा स्वतःचाच धीर खचला होता. खाच खरंच वर होती का? की जनावर समोर बघून आपलंच काळीज पाणी झालं आणि मनानं खाचेचं निमित्त काढलं? सोमेशच्या आईला आता काय तोंड दाखवायचं?

घरी येईपर्यंत हाच विचार. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडं करून त्यांनी बंदूक अंगणातल्या बाजेला बांधली आणि सगळ्यांना मागं उभं केलं. बलभीमही आले होते, रागानं का होईना. त्यांची बायको श्रीदेवी चुलीवर पाणी ठेवायला धावली.

विठाबाईंनी आधी बाजूनं हात लांबवून गज नळीत सोडला. खाच काजळीनं बुजून दिसेनाशी झाली होती, म्हणून तो थांबला तिथं, नळीच्या तोंडाबरोबर, गजाला लाल दोरा बांधला आणि गज काढून घेतला. मग गुरांना औषध टोचायची मोठी सिरिंज घेतली, सुई काढून टाकली आणि टोपीखालच्या बारीक भोकातून आत पाणी सोडायला लागल्या. पुन्हा पुन्हा. शेवटी त्याच भोकातून शाईसारखं काळं पाणी उलटं यायला लागलं.

"दारू भिजली," त्या म्हणाल्या. "आता ही काठी झाली. जवळ या."

वरून कढत पाण्यात साबण कालवून ओतलं. थोडं थांबल्या. गजाच्या टोकाला पेच लावून गोळीत रुतवला. एकटीच्यानं ओढवेना.

"भावजी, धरता का?"

बलभीम जागेवरच घुटमळले. मग पुढं आले आणि दस्ता दोन्ही पायांत धरून बसले. विठाबाईंनी गज पिळत पिळत ओढला. गोळी रडत-खडत वर आली आणि बाहेर पडली. तिच्याभोवतीची चिंधी डांबरात बुडवल्यासारखी काळी, चिकट. बलभीमनी ती बोटांत धरून बघितली, हुंगली.

"ही नुसती काजळी न्हाय. ऑइल हाय हे. ट्रॅक्टरचं."

"व्हय. दिवाळीला करडईचं तेल सपलं व्हतं. तुमीच म्हनलात, ऑइल लावा."

"म्याच म्हनलो," बलभीम पुटपुटले.

"आन् म्याच लावलं. ते ऑइल न् काजळी मिळून असं झालं, दुसरं काय?"

पाण्यावर पाणी गेलं. आधी काळं, मग राखाडी. भिजलेल्या दारूचा चिखल भोकातून निघून गेला. शेवटी स्वच्छ पाणी आलं तशी विठाबाईंनी नळी कोरडी केली आणि गज पुन्हा आत सोडला. दोरा दारू-गोळीपुरता, चार-पाच बोटंच आत जाऊन थांबला असता, तर सगळं गाव म्हणत होतं तेच खरं होतं.

दोरा थांबला नाही. तोंडाशी आला, आत गेला, दिसेनासा झाला, आणि गज तरीही खाली जातच राहिला. टण्णकन तळाला टेकला तेव्हाच थांबला. विठाबाईंनी तिथं बोट धरून गज बाहेर काढला आणि बाजेवर आडवा ठेवला. बोटापासून दोऱ्यापर्यंत दीड वीत अंतर होतं.

"दारू धरा चार बोटं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं पोकळ."

बलभीमनी आपली वीत गजावर ठेवली, उचलली, परत ठेवली. जिथं नळी फुटली असती तिथं त्यांची नजर गेली. बार काढताना डावा हात तिथंच असतो. आणि मघाशी तो हात त्यांचा असणार होता.

"वैनी," ते म्हणाले. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायला लागले ते पुसतच राहिले.

श्रीदेवीला तेव्हा कुठं सगळं उमगलं. ती नवऱ्यावर तुटून पडली. "आक्कानं मूठ धरली म्हणून! न्हायतर तुमाला पोत्यात घालून आनलं असतं! मोठे आले बार काढणारे!" ओरडता ओरडता तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती हसायला लागली. तिच्या हसण्यानं बलभीमही हसले. विठाबाई उंबऱ्यावर टेकल्या. सकाळपासून छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. आपण भ्यालो नव्हतो. भ्यालो असलो तरी बरोबर भ्यालो होतो.

चहा होईपर्यंत गुरुप्रसादचा फोन वाजला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला. बाभळीतून पलीकडं निघालेला डुक्कर धरणाकाठच्या वनखात्याच्या जाळ्यात सापडला होता. एकाच सुळ्याचा, तोच. गोळी लागायची गरजच उरली नव्हती.

"सोमेशच्या आईला सांगून या कुनीतरी," विठाबाई म्हणाल्या.

"म्या जातो," बलभीम उठले. दारातून माघारी वळून म्हणाले, "आन् बांधावर जे बोलले, त्यास्नी बी सांगतो. दोरा दावतो."

"कशाला? त्यास्नी काय ठावं. जाऊ द्या."

पण बलभीम तो दोरा बांधलेला गज खांद्यावर टाकून गेलेच.

गुरुप्रसाद अंगणातच उभा होता. सकाळी आपण नळीपासून किती जवळ उभे होतो हे त्याच्या आता ध्यानात येत होतं. चहाचा कप तसाच हातात. मग त्यानं मोबाईल काढला आणि मुरुमला, घरी, बायकोला फोन लावला.

"काय करायलीस?... जेवायला काय केलंय आज?... न्हाय, काही न्हाय गं. असंच केला. तू सांग की, काय केलंय?"

पलीकडून ती सांगत राहिली, आणि तो बाजेवर बसून मन लावून ऐकत राहिला.