मालनबाईंच्या अंगठ्याची गाठ

या, असे जवळ सरका. चपला बाहेर काढल्यात ना? बरं केलंत, कारण आजची गोष्ट चपलांपासूनच सुरू होते. मन लावून ऐकाल, तर घरी जाताना पाय हलके होतील.

पंचवटीच्या मालनबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या की मांडवात दोन तास कुणी चुळबुळ करत नसे. पण बाईंना एक खोड होती. कीर्तन संपलं की शे-दोनशे माणसं पाया पडणार. मग पाय देखणे नकोत का? म्हणून वीस वर्षं त्या एक नंबर लहान, पुढून निमुळत्या चपला घालत आल्या. देखणेपण राहिलं बाजूला. उजवा अंगठा शेजारच्या बोटावर रेलला आणि त्याच्या मुळाशी बोराएवढी लालबुंद गाठ बाहेर आली.

वणीजवळच्या एका गावच्या सप्ताहात पाचव्या दिवसाचं आणि शेवटचं काल्याचं कीर्तन बाईंचं होतं. पाचव्या दिवशी कीर्तन संपलं, नमस्काराची रांग लागली. नमस्कारागणिक ठणका, बाई हसून सोसत होत्या. तेवढ्यात अंबूबाई आल्या. अंगानं धिप्पाड, भाव त्याहून दांडगा. त्यांनी कपाळ टेकलं ते थेट गाठीवर, आणि चांगलं दाबून.

"विठ्ठलाऽऽ!" मालनबाई किंचाळल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाईंना भाव आला!" कुणीतरी ओरडलं. मृदंग कडाडला, टाळ सुरू झाले, आणि नमस्कार करून गेलेली माणसं पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. सर्वांत पुढे पैलवानकी केलेले जयरामबुवा. "बाई, माझंबी कपाळ लागू द्या!"

बिऱ्हाडी येताच बाई सुनेला म्हणाल्या, "हर्षाली, पाय दुखतोय तो दुखतोय. पण दुखण्याला लोकांनी भक्ती म्हटलं नि मी गप्प बसले, ते जास्त टोचतंय. काल्याला कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"तोंडाचं नंतर बघू. आधी पाय दाखवू."

नाशिकला डॉक्टरांनी पाय उलटसुलट पाहिला. "आईला होती अशी गाठ?"

"होती."

"पायाची घडण आईची, भर तुमच्या चपलांची. हाडच सरकलंय, चोळून जिरणार नाही. पुढून रुंद बूट घाला, अंगठ्याशेजारी सिलिकॉनची उशी ठेवा, ठणकलं की बर्फ लावा. एवढं करूनही चालणं अडलं, तर ऑपरेशनचं बघू."

"आणि त्या चपला?"

"देवाला वाहा."

"अहो डॉक्टर, देवाचे पाय तरी धड राहू द्या!"

काल्याच्या दिवशी बाई बदकासारखे रुंद बूट घालून मांडवात आल्या. बूट काढले आणि उजवा पाय सगळ्यांसमोर पुढे केला.

"मायबाप, त्या दिवशी भाव आला नव्हता. ही गाठ दुखली होती. तुम्ही पाया पडता म्हणून मी पाय मिरवायला गेले, त्याचं हे फळ. इथून पुढे नमस्कार लांबून करा."

टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले. आता आपलं कीर्तन संपलं, असं बाईंना वाटलं. तोच अंबूबाई उठल्या.

"म्हंजी मी तुमाला दुखावलं? पाप लागलं का वो मला?"

"नाही हो. तुम्हीच माझी खोड मोडलीत."

अंबूबाईंनी लुगडं जरा वर केलं. "मग हे बघा, माझ्याबी पायाला हाय! मी समजत व्हते, म्हातारपण हाय." पाठोपाठ बायकांच्या अर्ध्या रांगेनं पाय पुढे केले. काला थांबला, दहीहंडी लोंबकळत राहिली, आणि मांडवभर अंगठ्यांची पाहणी सुरू झाली!

आता बाईंचं कीर्तन त्या पंचक्रोशीत कुठंही असो, पुढे उभं राहून "लांबून! लय जवळ नाय!" असं ओरडायचं काम अंबूबाईंचं. त्यांचा स्वतःचा नमस्कार सर्वांत लांबून, खांबापाशी कपाळ टेकून. तुम्ही कुणाच्या पायाशी वाकाल, तेव्हा अंबूबाईंची तेवढी आठवण ठेवा.