डब्याची शाकारणी

मी एक जुना डबा आहे. हसू नका, मित्रांनो! पोळीभाजीचा डबा नव्हे मी. मला चाकं आहेत, दार आहे, दोन खिडक्या आहेत. एके काळी मला गाडीमागे जोडून गावोगाव फिरवत असत. कागदावर माझं नाव कॅराव्हॅन. पण इथे कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी त्या नावानं मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. इथे मी डबाच झालो.

माझा जन्म चौक गावी, जुन्या हायवेलगतच्या एका शेडमध्ये झाला. तिथे दत्ता नावाचा कारागीर फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा आणि बागेत ठेवायचे हत्तीघोडेही. त्यानं साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली, वरून मधासारखं दाट रेझिन चोपडलं. ते कडक झालं की पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. माझं छत त्यानं अखंड केलं, कुठे सांधा म्हणून ठेवला नाही. मग त्यावर थाप मारून म्हणाला, "आता थेंब आत येऊन दाखवू दे!" काय ऐट वाटली होती मला तेव्हा!

ठाण्याच्या किशोरसाहेबांनी मला विकत घेतलं. लगेच माझ्या त्या अखंड छताला ड्रिल लागलं. एक भोक पंख्यासाठी, काही सोलरच्या प्लेटसाठी, काही अँटेनासाठी. लहान बाळाचे कान टोचतात ना, तसं समजून मी ते सोसलं. साहेबांची धाकटी आरोही माझ्या वरच्या बाकावर झोपायची. सकाळी उठली की छतावर टकटक करून म्हणायची, "उठलास का रे?" आम्ही समुद्र पाहिला, घाट चढलो. खूप मजेचे दिवस होते ते.

मग साहेबांनी कोंडाण्याजवळ जागा घेतली आणि मला इथे आणून उभं केलं. राखणीला वाडीवरचे चांगोदादा होते. सुरुवातीला साहेब दर सुट्टीला येत. पुढे सणासुदीला येऊ लागले. पुढे तेही बंद झालं. आरोही मोठी झाली असणार. एके दिवशी साहेब एकटेच आले, बरोबर स्क्रूड्रायव्हर घेतलेला माणूस. प्लेट काढली, अँटेना काढला, पंखासुद्धा काढला. नव्या बंगल्यावर लागणार होतं म्हणे सगळं. "चांगोदादा, हा डबा तुम्हीच ठेवा," असं म्हणून ते गेले. सामान नेलं, भोकं मात्र माझ्याकडे राहिली.

त्यानंतरचे पावसाळे कसे काढले, ते माझं मला माहीत. बाहेर धो धो, आत टप टप. गादीवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. दर उन्हाळ्यात वाडीवर शाकारणीची धांदल उडायची. कोणी छपरावर नवा पेंढा घालायचं, कोणी कौलं चाळायचं. एकाच्या घराला चौघे हात लावायचे आणि मग सगळे मिळून जेवायचे. मी लांबून बघायचो. माझ्या छताकडे कोणी मान वर करून बघितलंही नाही. फार एकटं वाटायचं हो! आपण घर आहोत की भंगार, हेच कळेनासं झालं होतं.

नाही म्हणायला चांगोदादांनी एकदा माझ्यावर ताडपत्री घातली. ती उडू नये म्हणून वाडीच्या रीतीप्रमाणे वर चांगले घसघशीत दगड ठेवले. उतरत्या छपरावर ते ठीक असतं. माझं छत पडलं सपाट! दगडांच्या भारानं मला मधोमध बाक आला. त्या खळग्यात डबकं साचलं. दगड हलून हलून ताडपत्री फाटली आणि जुन्या भोकांशेजारी नव्या भेगा पडल्या. भल्या माणसानं भलं करायला जावं आणि माझं असं व्हावं!

तोच एक बातमी आली. चांगोदादांची मुलगी प्रिया पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण माहेर म्हणजे एक खोली, तीत चूल, धूर आणि शेळ्या. प्रियाची आई, कोंडीबाई, मग उठली आणि मला झाडू लागली. कुजकी गादी तिनं बाहेर फेकली. प्रियाच्या सासूला हे कळलं, तशी ती फोनवर कडाडली.

"त्या गळक्या डब्यात? लेकराच्या अंगावर पानी पडनार असंल, तर सून पाठवायची नाय मी!"

कोंडीबाई फोन ठेवून माझ्या दारात बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. "माझी लेक माहेराला मुकंल ओ," ती चांगोदादांना म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चांगोदादा दुसऱ्या दिवशी चौकला गेले आणि फायबरवाल्याला घेऊन आले. बघतो तर काय, दत्ता! केस पिकले होते, पण थाप तीच.

"अरं, ह्यो तर माझाच डबा!" तो म्हणाला. मग वर चढला आणि ओरडला, "चांगोदादा, दगडं कोनी ठेवली हितं?"

"मीच. आमी घरावर ठेवतोच की."

"आवो, ह्ये कौल नाय! पार झोळ आलाय त्याला."

दगड उतरले. आतून फळी लावून, तिला बांबूचा टेकू देऊन दत्तानं माझा बाक वर उचलला. मला कडक उन्हात चांगलं वाळू दिलं. मग प्रत्येक भोकाच्या कडा घासल्या, मॅटचे तुकडे कापून रेझिनमध्ये बसवले, एकावर एक थर दिले. तीच मॅट, तोच वास. लहानपण आठवलं मला. सगळं कडक झाल्यावर कोंडीबाईनं हंडाभर पाणी वर ओतायला लावलं आणि स्वतः आत उभी राहून छतावरून हात फिरवला. "कोरडं हाय गं बाई!" ती म्हणाली. दुपारी सगळे माझ्या सावलीत जेवले. माझी शाकारणी झाली होती, मित्रांनो!

पण जेवण होतं न होतं, तोच चांगोदादा गिरमिट घेऊन आत आले आणि माझ्या छताला टेकवलं! पुन्हा भोक!

"अवो, काय करताय?" कोंडीबाई धावली. "आत्ताच बुजवलंय ना!"

"मंग बाळाची झोळी कुटं टांगू? माज्या मिशीला?"

दत्ता हसून लोळायचा बाकी राहिला. कोंडीबाईनं मात्र टेकूचा बांबू उचलला आणि माझ्या समोरासमोरच्या दोन भक्कम कपाटांवर आडवा ठेवून घट्ट बांधला. "हितं," ती म्हणाली.

श्रावणात प्रिया कर्जतच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि बाळ माझ्याकडे आलं. बाहेर पाऊस कोसळत होता, आत झोळी हलत होती. कोंडीबाई रोज छतावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "कोरडं हाय." मी प्राण एकवटून कोरडा राहिलो.

सव्वा महिन्यानं प्रिया सासरी निघाली. झोळीची गाठ सोडली, घडी घातली, बाळाला घेऊन गेली. छतावर साधा ओरखडाही उठला नाही. तरीसुद्धा किशोरसाहेबांनी सगळं नेलं होतं, तेव्हापेक्षाही मला जास्त रिकामं वाटलं.

चांगोदादा वालाच्या मांडवासाठी तो बांबू मागायला आले. "ऱ्हाऊ द्या," कोंडीबाई म्हणाली, "प्रियाच्या खोलीतलं काय बी हलवू नका."

प्रियाची खोली! आता वाडीवर सगळे मला तेच म्हणतात. पाऊस कधीच सरलाय, तरी कोंडीबाई रोज येते. सवयीनं छतावरून हात फिरवते, "कोरडं हाय" म्हणते आणि त्या रिकाम्या बांबूखाली थोडा वेळ बसून राहते. आम्ही दोघं वाट बघतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपलं सामान कुठून काढून नेलंत, तर मागे राहिलेली भोकं बुजवून जा. तेवढ्यानं छत गळायचं थांबतं. पण झोळी काढून नेलीत ना, तर मात्र परत या.