शुक्रवारची पुडी

शनिवार उजाडला की टाकी मेलेली असायची. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या साठ घरांच्या वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करणारं छोटं केंद्र मागच्या कुंपणालगत होतं आणि सेक्रेटरी म्हणून ते विद्यालक्ष्मीच्या गळ्यात पडलं होतं. आठवडाभर पाणी हळूहळू निवळत जायचं आणि शनिवारी पुन्हा काळं, फेसाळ, नाक दाबून पळावं असं व्हायचं. तेच ओढ्यातून कूवम नदीत जायचं.

विद्यालक्ष्मीने काय काय केलं नाही! हवेचा पंप बदलला, केंद्र चालवणाऱ्या प्राणेशवर उगाच खेकसली, घरोघर जाऊन नदीवर भाषणं दिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अध्यक्ष गिरीधर मात्र खुशीत होता. केंद्र कायमचं बंद करून पाणी सरळ ओढ्यात सोडायचा ठराव त्याने रविवारच्या सभेत ठेवला होता. "सगळी कूवम काळी, आमच्याच पाण्याने काय बिघडणार?" हे त्याचं पालुपद. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या शुक्रवारी ती ऑफिसातून लवकर आली. घरात सासूबाईंचं, वसंताबाईंचं, भजन संपत आलं होतं. बायका तांबूल घेऊन निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या पिशवीत विड्याची पानं, केळं, हळकुंड आणि एक पांढरी पुडी.

"अम्मा, ही पुडी कसली?"

"ब्लीचिंग पावडर गं. निजताना मोरींत घालायची. भजनाची अवघी घरं घालतात," वसंताबाई आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या.

"पण का?"

"सेक्रेटरी झालीस तेव्हां तूच म्हणटलीस न, आमची घाण नदीस जाते म्हणून? कावेरी काय, कूवम काय, नदी ती नदी. घाण तशीच कशी पाठवायची? शुद्ध करून पाठवतों."

विद्यालक्ष्मीने कपाळावर हात मारून घेतला. चोर बाहेर शोधत वर्ष गेलं आणि चोरी तिच्याच देवघरातून चालली होती, तीही पुण्य म्हणून!

"अम्मा, टाकीत जिवाणू असतात. घाण खाऊन तेच पाणी साफ करतात. तुमची पावडर दर शुक्रवारी त्यांना मारून टाकते."

उरलेल्या पुड्या वसंताबाईंनी डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर टाकला. रात्री जेवल्याही नाहीत.

रविवारी सभेत गिरीधरने ठराव वाचला. विद्यालक्ष्मी उठली. सासूचं नाव घ्यायला जीभ रेटेना.

"कारण सापडलंय. काही घरांतून ब्लीचिंग पावडर..."

"काही घरांतून कशाला?" मागून वसंताबाईंचा आवाज आला. त्या कधी सभेला येत नसत. "माझ्या घरांतून. पुड्या मीच वाटल्या. ज्यांनी घातली त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला, मग दुसरा, मग भजनाची सगळी रांग. त्यात गिरीधरची बायको कामाक्षीही होती. गिरीधरने तिच्याकडे पाहिलं, ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि पंख्याकडे बघत बसला.

केंद्र वाचलं होतं. विद्यालक्ष्मीला हसावं की रडावं कळेना. इतक्यात वसंताबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज चढला होता.

"मी मुंगी मारत नाही गं. वर्षभर इतकं बोलटलीस, टाकींत जीव आहेत हें एकदा तरी सांगटलीस?"

विद्यालक्ष्मीने आठवून पाहिलं. पाण्यातली घाण मोजायचं बीओडी सांगितलं होतं. सीओडी सांगितलं होतं. आकड्यांचे तक्ते लिफ्टमध्ये चिकटवले होते.

हे सांगितलं नव्हतं.